सख्य आणि अप्रमाद : हिमपर्वतातील सहवासाचा नैतिक विचार

मैत्री माणसाला धोक्यापासून वाचवते, हे गृहीतक इतके सार्वत्रिक आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. संकटात जो उपयोगी पडतो तो मित्र, ही व्याख्या संस्कृत सुभाषितांपासून बोलीतील म्हणींपर्यंत सर्वत्र आढळते, आणि अनोळखी वाटेवर एकट्याने जाऊ नये, सोबत घ्यावी, हा वडीलधाऱ्यांचा सल्लाही याच समजुतीवर उभा असतो. तथापि मानवी व्यवहाराची काही क्षेत्रे अशी आहेत की जिथे सोबत हेच धोक्याचे एक कारण ठरते, आणि तरीही त्या धोक्यातून बाहेर काढणारे सोबत्यांखेरीज दुसरे कोणी नसते. हिवाळ्यात उंच पर्वतांत मित्रांच्या लहान गटाने युर्टमध्ये मुक्काम करून केलेली स्की-यात्रा हे असे एक क्षेत्र आहे. वरवर पाहता हा विषय क्रीडेचा किंवा प्रवासाचा वाटतो. परंतु त्याच्या गाभ्याशी एक जुना नैतिक प्रश्न आहे, ज्याला ॲरिस्टॉटल, बौद्ध विनय (भिक्षूंचे आचारनियम) आणि भगवद्गीता या तिघांनीही आपापल्या परीने स्पर्श केला आहे. तो प्रश्न असा : मैत्रीतील जवळीक माणसाला अधिक जागे ठेवते की नकळत झोपवते, आणि झोपवत असेल तर जागे ठेवणारे सख्य कसे असावे लागते?

यात्रेचे स्वरूप आणि युर्टची रचना

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी या यात्रेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ज्या उतारांवर वर नेणारे पाळणे असतात, जिथे बर्फाची रोज पाहणी होते आणि धोकादायक थर स्फोटके लावून आधीच पाडले जातात, तिथले स्कीइंग हा एक प्रकार झाला. याउलट जिथे यांपैकी काहीच नसते, अशा मोकळ्या डोंगरात स्वतःच्या पायांनी चढून जाणे आणि मग स्कीवरून उतरणे याला बॅककंट्री स्कीइंग किंवा स्की टूरिंग म्हणतात. चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाचा लवदार पट्टा चिकटवतात. त्याची लव एका दिशेने बसवलेली असल्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. एके काळी हे पट्टे सील या सागरी प्राण्याच्या कातड्याचे असत, त्यामुळे मोहेर लोकर आणि नायलॉन वापरात आल्यावरही त्यांचे नाव ‘कातडे’ असेच राहिले. कित्येक तास चढावे आणि काही मिनिटांत उतरावे, असे या यात्रेचे प्रमाण असते. म्हणजेच तिचा बहुतांश काळ उतरण्याच्या आनंदात जात नसून एकामागून एक चालण्यात, थांबण्यात, बर्फ पाहण्यात आणि पुढे जावे की नाही हे ठरवण्यात जातो.

किर्गिझस्तानच्या ईशान्येस, इसिक-कुल सरोवराच्या पूर्वेकडील तिएन शान पर्वतरांगांत, काराकोल शहराच्या आणि जिर्गालान या पूर्वीच्या कोळसा-खाणीच्या गावाच्या परिसरात अशा यात्रा आता नियमितपणे होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील हे विशाल सरोवर हिवाळ्यातही गोठत नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावरून ओलावा घेऊन पूर्वेकडे जाणारे वारे डोंगरांना धडकल्यावर तिथे भरपूर हिमवर्षाव होतो. मुक्कामासाठी काही ठिकाणी युर्ट उभारलेली असतात. ‘युर्ट’ या तुर्की भाषाकुलातील शब्दाचा अर्थ केवळ तंबू असा नाही. वसतीची जागा, मायभूमी असाही त्याचा आशय आहे, आणि किर्गिझ लोक स्वतः या घराला ‘बोझ उय’, म्हणजे करडे घर, असे म्हणतात. भटक्या पशुपालकांचे हे घर परंपरेने उन्हाळी कुरणांवर उभे राहत असे आणि हिवाळ्यात कुटुंबे खालच्या, आडोशाच्या खोऱ्यांत परतत. त्यामुळे भर हिवाळ्यात उंचावर स्कीयात्रींसाठी युर्ट उभे करणे हा जुन्या वास्तूचा नवा उपयोग आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकेतील रॉकी पर्वतांतही स्कीयात्रींची युर्ट आहेत. अमेरिकेत या वास्तूचा प्रसार करण्यात मेन राज्यातील शिक्षक विल्यम कोपरथ्वेट यांचा वाटा मोठा होता आणि त्यांना त्याची प्रेरणा १९६२ मध्ये मंगोलियाविषयी प्रसिद्ध झालेल्या एका सचित्र लेखातून मिळाली होती.

या वास्तूची रचना पुढील विवेचनाला उपयोगी पडणारी असल्यामुळे ती थोडी तपशिलात पाहावी लागते. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची, उघडमीट होणारी जाळी. तिला ‘केरेगे’ म्हणतात. जाळीच्या वरच्या काठापासून वाकवलेल्या काठ्या वर जातात, त्या ‘ऊक’. या सर्व काठ्यांची टोके ज्या गोल लाकडी कड्याच्या छिद्रांत बसतात ते कडे म्हणजे ‘तुंदुक’. लाकडाचे सांधे खिळ्यांऐवजी चामडी वाद्यांनी बांधलेले असतात आणि सगळ्यावर लोकरीच्या नमद्याचे आच्छादन असते. तुंदुकला खालून खांबाचा आधार नसतो. प्रत्येक काठी त्याला आत रेटते आणि समोरची काठी तो रेटा पेलते, आणि या परस्परविरोधी रेट्यांच्या समतोलावर छत उभे राहते. तुंदुक पिढ्यानपिढ्या वारशाने जाते, आणि १९९२ मध्ये स्वीकारलेल्या किर्गिझ राष्ट्रध्वजावर चाळीस किरणांच्या सूर्यात तेच विराजमान आहे. किर्गिझ आणि कझाख युर्ट बांधण्याचे पारंपरिक ज्ञान २०१४ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले.

धर्माचे अभ्यासक मिर्चा एलियादे यांनी भटक्या समाजांच्या तंबूकडे विश्वाची प्रतिमा म्हणून पाहिले : गोल छत म्हणजे आकाश, आणि धूर बाहेर जाण्याचे वरचे छिद्र म्हणजे एका लोकातून दुसऱ्या लोकात उघडणारे दार. किर्गिझ घरात दाराच्या समोरची, सर्वांत आतली जागा ‘तोर’ ही मानाची समजली जाते आणि पाहुण्याला तिथे बसवतात. कुटुंबात मृत्यू झाला की मृताचा देह काही काळ युर्टमध्ये ठेवून स्त्रिया त्याच्याभोवती शोकगीते गातात, आणि शहरातील कुटुंबेही त्यासाठी इमारतीच्या आवारात युर्ट उभारतात. म्हणजे ज्या छताखाली पाहुण्याला मानाचे स्थान मिळते, त्याच छताखाली मृताला निरोपही दिला जातो. स्कीयात्री या घरात शिरतो तेव्हा आतिथ्य आणि मृत्यू या दोहोंना सामावणाऱ्या परंपरेचा तो पाहुणा होतो, मग त्याला याची जाणीव असो वा नसो.

हिमाचे मौन

आता धोक्याचे स्वरूप. डोंगरावरील बर्फ वरून एकसंध दिसला तरी तो हिवाळाभर पडलेल्या अनेक थरांचा बनलेला असतो. जमिनीलगत तापमान शून्य अंशाच्या जवळपास राहते, तर वरचा पृष्ठभाग थंड रात्री खूप खाली जातो. बर्फाचा साठा पातळ असेल तर या तफावतीमुळे खालून वर बाष्प सरकत राहते आणि त्यातून कोनदार, साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण तयार होतात. तिएन शानसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या थंड प्रदेशात असा कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. त्यावर पुढे नवे हिम पडते, वारा ते दाबून घट्ट करतो आणि एक जड स्लॅब तयार होते. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशी रचना असताना माणसाचे वजन पडले, तर खालचा थर एका ठिकाणी कोसळतो, त्याची भेग क्षणात दूरवर पसरते आणि संपूर्ण स्लॅब निसटते. यालाच हिमस्खलन म्हणतात, आणि याच्या बळींपैकी सुमारे नव्वद टक्के प्रसंगांत ते निसटवणारा माणूस स्वतः बळी किंवा त्याचाच एखादा सोबती असतो, असे हिमस्खलन-तज्ज्ञ सांगतात.

हिमाखाली गाडल्या गेलेल्या माणसाजवळ फार थोडा वेळ असतो. स्वित्झर्लंडमधील नोंदींच्या अलीकडच्या विश्लेषणानुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात, तर अर्ध्या तासानंतर हे प्रमाण दहांत तिघांच्या आसपास येते. इतक्या वेळात कोणतेही बचावपथक दुर्गम खोऱ्यात पोहोचू शकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झ वारंवारितेवर संकेत पाठवणारा आणि ग्रहण करणारा ट्रान्सीव्हर असतो, आणि पाठपिशवीत बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब सळई व फावडे असते. येथे एक साधी गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे : ही साधने स्वतःच्या उपयोगाची नाहीत. गाडला गेलेला माणूस स्वतःचे फावडे वापरू शकत नाही. त्याने ते आणले ते सोबत्यासाठी, आणि त्याचा जीव सोबत्याने आणलेल्या फावड्यावर अवलंबून आहे. आपल्या रक्षणाचे साधन दुसऱ्याच्या पाठीवर आणि दुसऱ्याच्या रक्षणाचे आपल्या पाठीवर, इतके उघड परस्परावलंबन नागरी जीवनात क्वचितच दिसते.

येथपर्यंत मैत्रीचे मूळ गृहीतक अबाधित राहते. परंतु ज्या सोबत्यांमुळे माणूस वाचतो, त्या सोबत्यांमुळेच तो त्या उतारावर गेलेला असतो, ही दुसरी बाजू अपघातांच्या अभ्यासातून पुढे आली. संशोधक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळात अमेरिकेत घडलेल्या ७१५ हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास केला, आणि त्यांना आढळले की अनेक गट धोक्याची चिन्हे समोर असतानाही पुढे गेले होते आणि त्यांपैकी कित्येकांत हिमस्खलनाचे प्रशिक्षण घेतलेली माणसे होती. निर्णय चुकवणाऱ्या ज्या सवयी त्यांनी नोंदवल्या त्या अशा : उतार ओळखीचा आहे म्हणून तो सुरक्षित मानणे, इतरांची पसंती मिळवण्याची इच्छा, एकदा ठरवलेल्या बेताला चिकटून राहणे, गटातील जाणत्या वाटणाऱ्या माणसावर निर्णय सोपवणे, ताज्या हिमावर पहिली रेघ आपली उमटावी ही ओढ, आणि इतर जण जात आहेत म्हणून आपणही जाणे. या यादीकडे लक्षपूर्वक पाहिले तर तिच्यातील बहुतेक गोष्टी एरवी मैत्रीचे गुण म्हणून गणल्या जातात असे दिसते. परिचय, परस्परांना आवडण्याची इच्छा, दिलेल्या शब्दाला जागणे, जाणत्याचा मान राखणे, सर्वांबरोबर राहणे, हे सगळे चांगल्या मित्राचे वर्तन आहे. आणि नेमके तेच अशा उतारावर घातक ठरू शकते.

प्रमाद आणि प्रणय

भारतीय विचारपरंपरेत या स्थितीसाठी एक नेमका शब्द आहे : प्रमाद. प्रचलित मराठीत प्रमाद म्हणजे चूक, परंतु मूळ अर्थ अधिक खोल आहे. जे ठाऊक आहे त्याचे भान सुटणे, सावधता ढिली पडणे, ही ती अवस्था, आणि चूक हे तिचे फळ. महाभारताच्या उद्योगपर्वातील सनत्सुजातीय प्रकरणात धृतराष्ट्र मृत्यूविषयी विचारतो तेव्हा सनत्सुजात ऋषी मृत्यूची ओळख प्रमादाशी आणि अमरत्वाची ओळख अप्रमादाशी करून देतात. धम्मपदाचा दुसरा वर्ग संपूर्णपणे अप्रमादाला वाहिलेला आहे, आणि परंपरेनुसार बुद्धांच्या अखेरच्या उपदेशातही भिक्षूंनी अप्रमादाने आपले कार्य साधावे असे सांगितले आहे. प्रशिक्षित माणसांचे अपघात या संकल्पनेच्या प्रकाशात समजतात : त्यांच्याजवळ ज्ञान होते, भान नव्हते.

मात्र प्रमादाचा मैत्रीशी संबंध कसा जुळतो, हे गीतेच्या अकराव्या अध्यायात दिसते. विश्वरूप पाहून भेदरलेला अर्जुन कृष्णाची क्षमा मागतो ती या कारणासाठी की, आजवर त्याने कृष्णाला केवळ सखा मानून खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना सलगीने वागवले. आणि हे आपल्याकडून का घडले हे सांगताना तो प्रमाद आणि प्रणय ही दोन कारणे शेजारी शेजारी ठेवतो. प्रणय म्हणजे प्रेमातून आलेली जवळीक. दोन्हींपैकी नेमके कोणते हे अर्जुनालाही वेगळे करता येत नाही, यातच त्या उद्गाराचे मर्म आहे, कारण जवळीक वाढत जाते तसतसे पाहणे कमी होत जाते. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी अर्जुनाच्या तोंडी घरगुती दृष्टान्तांची मालिका घातली आहे. कल्पतरू तोडून त्याचे शेताला कुंपण करावे, चिंतामणी हाती यावेत आणि त्यांनी ओढाळ गुरे हाकावीत, तसे आपण केले, असे तो म्हणतो. हातातील वस्तूचे मोल कळू न देणारा हा सहवासाचा आंधळेपणा आहे. अध्यात्माच्या संदर्भात तो देवाविषयी आहे. पर्वताच्या संदर्भात तो ओळखीच्या उताराविषयी आणि ओळखीच्या माणसाविषयीही आहे. वीस वर्षांच्या मित्राचा चेहरा उतरलेला, त्याचे पाऊल जड झालेले, त्याला काही सांगायचे असूनही तो गप्प, हे नेमके त्याच्या मित्राला दिसत नाही, कारण तो मित्राला पाहत नसतो, ओळखीला पाहत असतो.

कर्म, फळ आणि खोटे शिक्षण

प्रमाद वाढीस लागण्याचे आणखी एक कारण हिमाच्या स्वभावात आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन होगार्थ यांनी शिकण्याच्या परिस्थितींचे दोन प्रकार सांगितले : काही परिस्थितींत केलेल्या कृतीचे फळ लगेच आणि खरेपणाने कळते, तर काहींत मिळणारे फळ माणसाला चुकीचाच धडा देते. हिमाच्छादित उतार दुसऱ्या प्रकारात मोडतो. कमकुवत थर असलेल्या उतारावरून एखादा गट निर्धास्तपणे उतरला आणि स्लॅब निसटली नाही, तर त्यांचा निर्णय योग्य होता की पाय केवळ नाजूक जागेच्या बाजूने पडला, हे उतार कधीच सांगत नाही. दहा वेळा चुकीचा निर्णय घेऊनही दहा वेळा आनंद मिळू शकतो, आणि त्या आनंदाच्या आठवणीतून अनुभवी म्हणवणारा माणूस तयार होतो.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात या कोड्याची चर्चा ‘नैतिक दैव’ या नावाने झाली. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये एकाच परिसंवादात हा प्रश्न मांडला की, ज्या परिणामांवर माणसाचे नियंत्रण नसते त्या परिणामांवरून त्याच्या कृतीचा न्याय का केला जातो. दोन गटांनी एकच बेपर्वाई केली, एक सुखरूप परतला आणि दुसऱ्याने सोबती गमावला. जग दुसऱ्याला दोष देते आणि पहिल्याच्या धाडसाची वाखाणणी करते, वास्तविक दोघांच्या कृतीत फरक नव्हता. गीतेतील कर्म आणि फळ यांची फारकत या ठिकाणी नव्या अर्थाने उपयोगी पडते. फळाची आसक्ती सोडावी, या उपदेशाचा अर्थ बहुधा फळाची इच्छा न धरणे इतकाच घेतला जातो, परंतु फळाला कर्माच्या योग्यतेचा पुरावा न मानणे, हा त्याचा ज्ञानविषयक अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. जो सुखरूप परतल्यावरही आपण योग्य वागलो काय असे विचारतो, त्यानेच कर्म फळापासून वेगळे केले असे म्हणता येते. मात्र हा प्रश्न एकट्याने स्वतःला विचारणे अवघड असते, कारण आनंदाची आठवण त्याच्या विरुद्ध साक्ष देत असते. तो विचारण्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि येथे सोबत पुन्हा, या वेळी अधिक खोल अर्थाने, आवश्यक ठरते.

विश्वास आणि नकाराधिकार

तत्त्वज्ञ ॲनेट बेयर यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात विश्वासाचे विश्लेषण केले, त्याचा आशय असा की विश्वास ठेवणे म्हणजे दुसरा आपल्याला इजा करू शकेल अशा स्थितीत, तो तसे करणार नाही या भरवशावर, स्वतःला ठेवणे. बेयर यांच्या विवेचनात धोका मुख्यतः दुसऱ्याच्या वाईट हेतूचा आहे. हिमपर्वतात मात्र सर्वांचे हेतू चांगले असतात; धोका असतो तो चांगल्या हेतूच्या माणसांनी एकमेकांवर सोडून दिलेल्या पाहण्याचा. पुढचा जाणता आहे, तो पाहीलच, असे मागचा समजतो. मागचे कोणी काही बोलले नाही म्हणजे सर्वांना पटले आहे, असे पुढचा समजतो. आणि कोणीही न घेतलेला निर्णय सर्वांचा निर्णय म्हणून अंमलात येतो. हा विश्वास दिसायला सुंदर असला तरी तो वस्तुतः प्रमादाची वाटणी आहे.

यावर उपाय म्हणून जाणत्या गटांत काही संकेत रूढ झाले आहेत. सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर चालू आहे याची खातरजमा दुसरा करतो. शंकास्पद उतारावरून एका वेळी एकच जण जातो आणि उरलेले सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे पाहत राहतात. या सर्वांत महत्त्वाचा संकेत नकाराधिकाराचा आहे : गटातील कोणाही एकाने नको म्हटले की गट परततो, आणि त्याला कारणे सिद्ध करून दाखवावी लागत नाहीत. लोकशाहीत बहुमताचे राज्य असते. येथे मात्र सर्वांत साशंक माणसाचे मत सर्वांना बांधते. याचे समर्थन केवळ सुरक्षिततेचे नाही. बर्फाचा आवाज, पायाखालचा पोकळपणा, मनातली अस्वस्थता यांपैकी काय कोणाला जाणवेल हे आधी सांगता येत नाही, आणि सर्वांत नवखा असलेलाच कधी कधी सर्वांत ताज्या डोळ्यांनी पाहत असतो. त्याला बोलण्याचे धैर्य मिळते की नाही हे त्याच्या स्वभावापेक्षा इतरांच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते. म्हणून नकार ऐकून घेण्याची तयारी हा पर्वतातील मैत्रीचा पहिला धर्म ठरतो.

प्रवारणा

या संदर्भात बौद्ध विनयातील एका विधीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी प्रवास थांबवून एका ठिकाणी एकत्र राहावे, याला वर्षावास म्हणतात. भाजे, कार्ले आणि कान्हेरी येथील लेण्यांतील विहार, त्यांतील भिक्षूंच्या लहान खोल्या, आजही त्या सहवासाची कल्पना मराठी वाचकाला देतात. विनयपिटकाच्या महावग्गात अशी कथा आहे की, काही भिक्षूंनी वर्षावास भांडणाविना सुखाने पार पडावा म्हणून आपसात न बोलण्याचा नियम केला आणि तीन महिने मौनात काढून ते बुद्धांकडे गेले. बुद्धांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हा पशूंचा, मेंढ्यांचा सहवास झाला, असे म्हणून त्यांनी मौनाची ती प्रथा नाकारली आणि तिच्या जागी प्रवारणा हा विधी घालून दिला. प्रवारणा म्हणजे निमंत्रण. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षू, ज्येष्ठ असो वा कनिष्ठ, संघापुढे बसून विनंती करतो की माझ्या वर्तनात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावे.

या विधीत तीन गोष्टी विशेष आहेत. पहिली, दोष दाखवण्याची सुरुवात दाखवणारा करत नाही. ज्याचा दोष आहे तोच निमंत्रण देतो, त्यामुळे बोलणाऱ्यावरचे संकोचाचे ओझे उतरते. दुसरी, पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींबरोबर शंकेलाही स्थान आहे. बोलण्यासाठी पुरावा असणे आवश्यक मानलेले नाही. तिसरी, गुण्यागोविंदाने गप्प राहणे हे सहवासाचे यश मानलेले नाही. हवामानामुळे एका छताखाली आलेली माणसे, त्यांची शांतता टिकवण्याची नैसर्गिक इच्छा आणि त्या इच्छेतील धोका, या सर्व गोष्टी युर्टमधील संध्याकाळी जशाच्या तशा आढळतात. शेगडी पेटलेली असते, ओले स्किन आणि मोजे छताच्या काठ्यांना टांगलेले असतात, चहा फिरत असतो, अंग दमलेले आणि मन तृप्त असते. आणि नेमक्या त्याच वेळी, नकाशा पुढे घेऊन, दुपारी त्या घळीच्या तोंडाशी आपण सर्व जण एकाच ठिकाणी का उभे राहिलो, असे कोणीतरी विचारणे आवश्यक असते. ज्या गटात हा प्रश्न विचारणाऱ्याकडे रसभंग करणारा म्हणून पाहिले जात नाही, त्या गटाची संध्याकाळ प्रवारणेची होते. काठ्यांच्या परस्परविरोधी रेट्यांवर उभे असलेले छत या वेळी डोक्यावर असते, आणि त्यातून एक गोष्ट शिकता येते : एखाद्या काठीने समोरच्या काठीला त्रास नको म्हणून आपला रेटा सैल केला, तर छत हलके होत नाही, ते ढळते.

एक आक्षेप

येथे गंभीर आक्षेप घेता येतो. ज्या धोक्याची गरजच नाही तो पत्करून मग त्यातील सावधतेला नैतिक मूल्य देणे कितपत योग्य आहे? घरी आईवडील, मुले, जोडीदार असतात. अपघात झाला तर शोधासाठी जाणाऱ्यांचे प्राणही पणाला लागतात. आणि सावधतेचा अभ्यास करायचा असेल तर तो घरच्या चुलीपाशीही करता येतो. हा आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नाही. उलट त्याने मैत्रीच्या कर्तव्याची व्याप्ती वाढते, कारण नकार देणारा सोबती केवळ स्वतःसाठी आणि गटासाठी बोलत नसून तिथे उपस्थित नसलेल्या सर्वांसाठी बोलत असतो. क्रीडेतील धोक्याचे पूर्ण समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. परंतु एवढे म्हणता येते की, प्रमाद हा पर्वतात जन्मत नाही. तो घरात, कार्यालयात, मंदिरात, सर्वत्र असतो, फक्त तिथे त्याची किंमत हप्त्याहप्त्याने चुकती होते आणि म्हणून दिसत नाही. मित्र व्यसनाच्या, कर्जाच्या किंवा अन्यायाच्या उतारावर पाऊल टाकत असताना संबंध बिघडतील म्हणून गप्प राहणारे सख्य तेच असते. पर्वत ते दाखवून देतो, आणि ज्याला ते तिथे दिसले त्याच्यावर ते इतरत्रही पाहण्याची जबाबदारी येते.

सख्य

ॲरिस्टॉटलने निकोमाखियन नीतिशास्त्राच्या आठव्या आणि नवव्या खंडांत मैत्रीचे तीन प्रकार केले : उपयोगासाठी असलेली, सुखासाठी असलेली आणि चांगुलपणावर आधारलेली. स्की-यात्रेतील मैत्री प्रथमदर्शनी पहिल्या दोहोंचे मिश्रण वाटते, कारण सोबती जीव वाचवण्यासाठी उपयोगाचा आणि सुखात भागीदार असतो. परंतु या दोहोंवरच जी मैत्री थांबते ती, वर पाहिल्याप्रमाणे, स्वतःचे रक्षण करू शकत नाही. सुखासाठी असलेला मित्र नकार देऊन सुख मोडणार नाही, आणि उपयोगासाठी असलेला मित्र नकार ऐकून घेणार नाही. बौद्ध परंपरेत यासाठी कल्याणमित्र ही संकल्पना आहे. चांगली मैत्री म्हणजे धर्मजीवनाचा अर्धा भाग होय, असे शिष्य आनंद याने म्हटल्यावर बुद्धांनी त्याला दुरुस्त करून ती संपूर्ण धर्मजीवनच आहे असे सांगितल्याचे संयुत्तनिकायात नमूद आहे. नवविधा भक्तीत सख्याला आठवे, म्हणजे आत्मनिवेदनाच्या अलीकडचे, स्थान आहे, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थ रामदासांनी सख्यभक्तीचे विवेचन करताना सख्य साधायचे तर आपले सौख्य सोडण्याची तयारी हवी असा आग्रह धरला आहे. तिथे प्रसंग देवाशी असलेल्या सख्याचा आहे. तरीही माणसामाणसांतील सख्याला तो निकष लावून पाहिला तर तो अनपेक्षितपणे नेमका बसतो. हिमपर्वतात सोडावयाचे सौख्य अगदी ठोस असते : चार तास चढून गाठलेल्या खिंडीपलीकडचा, कोणीही न स्पर्शलेला, उन्हात चमकणारा उतार.

अशा उताराच्या माथ्यावरून गट परततो तेव्हा काय घडते, याचा विचार करून हे विवेचन संपवता येईल. उतरून गेले असते तर स्लॅब निसटली असती की नसती, हे कधीच कळणार नाही. परतण्याचा निर्णय योग्य होता याचा पुरावा कोणी देणार नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी तोच उतार सुखरूप पार केला तर उलट पुरावाही समोर येईल. फळाने सिद्ध न होणारे आणि कोणाच्याही कौतुकाला पात्र न ठरणारे हे कर्म आहे, आणि ज्याने आधी ‘नको’ म्हटले त्याच्या मनात त्या रात्री शंका असते की आपण भित्रेपणाने सर्वांचा दिवस वाया घालवला काय. ही शंका दूर करू शकेल असा एकच साक्षी असतो, तो म्हणजे सोबती. आणि तोही निर्णय बरोबर होता असे सांगू शकत नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसते. तो एवढेच करू शकतो की, नकार देणाऱ्याला शेगडीजवळची जागा द्यावी, त्याच्या हातात चहा द्यावा आणि उद्याही जे वाटेल ते बोल, असे सांगावे. पुराव्याविना घेतलेल्या योग्य निर्णयाचे ओझे माणूस एकट्याने फार काळ वाहू शकत नाही. ते वाटून घेणे हेच सख्याचे काम आहे, आणि त्या वाटून घेण्यातच अप्रमाद टिकून राहतो.